नऊ नंबरची जाळी

मिस्त्री, रविवारी दुपारी तुम्हाला माती दिली. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं आणि तुमच्याविषयी दोन शब्द बोला म्हणाले. शाळेत रोज पाच तास बोलणारी मी, तिथे उभी राहून नुसती तुमच्या मार्थाबाईंच्या पांढऱ्या पदराकडे बघत राहिले. शेवटी "मिस्त्रींनी मला शिकवलं" एवढंच म्हणाले आणि मागे सरले. लोकांना वाटलं असेल, बाई गोंधळल्या. शिकवायचं काम तर बाईंचं. म्हणून आज लिहायला बसले आहे. लांबलचक लिहिलेलं तुम्हाला खपत नसे, हे माहीत आहे. या वेळी चालवून घ्या.

तुमची माझी ओळख झाली तेव्हा कापसाची जिन बंद पडून दोन वर्षं झाली होती. शेवगावात बदली होऊन मी नवीनच आले होते. आठवीच्या पुस्तकात चाक आणि पट्ट्याचा धडा होता, आणि गावाबाहेर एवढी मोठी जिन नुसती उभी होती. कपाशीतून सरकी काढणारी चोवीस यंत्रं आत गंजत पडली आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मुलींची रांग घेऊन मी आले. तुम्ही दारात उभे होतात. खाकी शर्ट, हातात तेलाची बुधली. जिनच्या शेठनी तुम्हाला राखणीला ठेवलं होतं, पण तुम्ही अजून फिटरच होतात. बंद यंत्रांना आठवड्यातून एकदा तेल देत होतात.

"चपला भाईर काढा," तुम्ही मुलींना म्हणालात. "रुईत माती जाती."

आत दोन वर्षांत रुईचा एक तंतू आला नव्हता. पण आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या.

मी मुलींना पट्टे दाखवले, छताखालचा लांब दांडा दाखवला, एका इंजिनावर चोवीस यंत्रं कशी चालत असतील ते फळ्यावर सांगावं तसं सांगितलं. मुली शहाण्यासारख्या माना हलवत होत्या. बाहेर पडताना तुम्ही एकीला विचारलंत, "काय बगितलं गं?"

ती म्हणाली, "लोखंड."

मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तीस वर्षं ज्याच्याजवळ घालवली त्याचं हे एवढंच उरावं, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. आठ दिवसांनी तुम्ही शाळेच्या फाटकात उभे राहिलात. सिमेंटच्या पोत्याचा कागद उलगडलात. त्यावर सुतारी पेन्सिलीनं काढलेलं एक यंत्र होतं आणि त्याला माणसानं धरायचं हँडल होतं.

"बाई," तुम्ही म्हणालात, "उभं मशीन बगून कुनाला काय कळनार? त्येनी सोता कापूस घालावा, सोता फिरवावं, सरकी भाईर पडलेली सोता बगावी. मग म्हनावं जिन बगितली."

मी पुण्याला एकदा एक संग्रहालय बघितलं होतं. काचेची कपाटं, पितळी कुलपं आणि जागोजाग 'हात लावू नये' अशा पाट्या. संग्रहालय म्हणजे तेच, अशी माझी समजूत. तुम्ही कधीच कुठलं संग्रहालय बघितलं नव्हतं. मला आता वाटतं, तेच बरं झालं.

शेठ आठवड्यातून एकदा नगरहून येत. सगळी यंत्रं भंगारात काढायचं त्यांचं ठरलं होतं. तुम्ही त्यांच्यापुढे उभे राहून एक यंत्र आणि जुनं काटाघर मागितलंत. काटाघर म्हणजे फाटकाजवळची ती खोली, जिथे पूर्वी कापसाच्या गाड्या तोलल्या जायच्या. शेठ हसले. वाईट माणूस नव्हते ते.

"घे की. पण घ्यायचंच तर चांगलं बघून घे. नऊ नंबर कशाला? त्याचा रोलर पण झिजलाय."

"नऊ नंबरच पायजे," तुम्ही म्हणालात.

फिटरची काही खोड असेल, असं मी समजले.

मिस्त्री, आपलं पहिलं भांडण तुम्ही त्या यंत्रावर करवत चालवलीत तेव्हा झालं. मी शाळा सुटल्यावर आले तर तुम्ही रोलरचा दांडा मधोमध कापत होतात. मी ओरडलेच. जुनी वस्तू जशी आहे तशी ठेवायची असते, ती कापली की तिचं मोल गेलं, असं बरंच काही बोलले. तुम्ही करवत थांबवली नाहीत. काम झाल्यावर कपाळ पुसलंत आणि मला म्हणालात, आता हँडल धरा. मी धरलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे ते हललं.

"अर्धं करून ह्ये असं. आख्खं ठिवलं असतं तर चार गडी लागलं असतं. तुमच्या पोरींनी काय करायचं? लांबनं बगायचं?"

त्या दिवशी मी रागानं घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी परत आले, कारण ते हलकं कसं करणार हे बघायची मला हाव सुटली होती. तुम्ही कडबाकुट्टीचं एक जुनं जड चाक आणलंत, सायकलची साखळी आणलीत, दातेरी चाकं बदलून बदलून बसवलीत. सात वेळा तरी खोललं असेल. प्रत्येक वेळी मला हँडल धरायला लावायचात आणि माझ्या खांद्याकडे बघायचात. "खांदा उचलतोय अजून. जड हाय." ज्या दिवशी माझा खांदा उचलला नाही, त्या दिवशी तुम्ही पाना खाली ठेवलात. यंत्र नीट झालं की नाही ते यंत्राकडे न बघता माणसाकडे बघून ठरवायचं, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी पडला होता, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. विहिरी आटल्या, वर्गातल्या निम्म्या मुली आईबापांबरोबर खडी फोडायला गेल्या. तुम्हीही पाझर तलावाच्या कामावर जायला लागलात; पहारी आणि टिकावांना धार लावायचं काम तुम्हाला मिळालं होतं. दिवसभर भात्यापुढे बसून संध्याकाळी काटाघरात यायचात. मला त्याची लाज वाटायला लागली. शाळेत एका सहकाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "गाव पाण्याला महाग झालंय आणि बाईंचं खेळणं अजून चालूच का?" मी तुम्हाला म्हटलं, मिस्त्री, हे आता बंद करू. लोकांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

तुम्ही घाईनं उत्तर दिलं नाहीत. कधीच देत नसायचात. यंत्राच्या पायाशी बसून तंबाखू मळलीत.

"कामावर आमी दोनशे मानसं हाय," तुम्ही म्हणालात. "त्यातली साठ-सत्तर ह्याच जिनमधली. दुपारच्याला सुकडी खाताना काय बोलत्यात ठावं हाय? जिनचं बोलत्यात. भोंग्याचं, गाड्यांच्या रांगंचं. खडी फोडनाऱ्याला बी आपन कोन हुतो त्ये आठवाया लागतं. भंगारवाला काय पाऊस पडायची वाट बगनार न्हाई, बाई. त्यो उन्हाळ्यात येनार."

 दुसऱ्या दिवशी मी रंगाचा डबा घेऊन आले.

अडचण निघाली ती कापसाची. सरकीसकट कापूस तालुक्यात औषधालाही नव्हता. यंत्र तयार, हँडल तयार, आणि आत घालायला काही नाही. तेव्हा गऊबाई आल्या. त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं. तुमच्याच कामावर पाट्या वाहायच्या. त्यांनी पदराखालून एक गाठोडं काढून काट्याच्या कट्ट्यावर ठेवलं. देवापुढच्या वातींसाठी कधीकाळी राखून ठेवलेला कापूस होता.

"मिस्त्री म्हनलं कापूस पायजेल. एवढाच हाय. देवाला काय, तो अंधारात बी बसंल."

पसा-पसा घातला तरी तो कापूस पन्नास माणसांना पुरला नसता. मग गऊबाईंनी तोड काढली. एकदा यंत्रातून सरकी वेगळी झाली की त्या बसून प्रत्येक सरकीभोवती रुई पुन्हा गुंडाळायच्या, दाबायच्या, बोंडातून आताच काढल्यासारखी करायच्या. मी शास्त्राची शिक्षिका. मला ते पटेना. म्हटलं, ही लोकांची फसवणूक आहे, त्यांना वाटेल हा शेतातला कापूस.

"मग सांगा त्येना," तुम्ही म्हणालात. "गऊबाईला हितंच बसवू. लोकांच्या म्होरं गुंडाळंल. त्येंना बी बसवंल गुंडाळायला. बोटाला कळंल सरकी रुई कशी धरून बसती."

आणि तसंच झालं. पुढे लोक हँडलपेक्षा गऊबाईंपाशी जास्त वेळ रेंगाळू लागले. एक अडचण घेऊन त्यातूनच तुम्ही दुसरी बघण्याजोगी गोष्ट उभी केलीत. मी मात्र ती फसवणूक होती का नव्हती, यावर तुमच्याशी शेवटपर्यंत वाद घालत राहिले. माझं अजूनही पुरतं समाधान झालेलं नाही. कुणाशी बोलू आता?

आता त्या संध्याकाळकडे येते. तिच्याविषयी आपण पुन्हा फारसं कधी बोललो नाही.

यंत्राच्या तोंडावर तुम्ही लाकडी पेटी बसवली होती. वरच्या फटीतून कापूस आत जाईल पण हात जाणार नाही, अशी ती फट हवी होती. किती रुंद ठेवायची हे ठरेना. मी सुचवलं, आपण हात मोजू. शाळेच्या कोऱ्या कागदांवर मी लहान-मोठ्यांचे पंजे ठेवून पेन्सिलीनं रेघा ओढून घेतल्या. पहिलीतल्या मुलांचे, माझ्या वर्गातल्या मुलींचे, मार्थाबाईंचा. तुम्ही त्या कागदांवर पट्टी ठेवून सगळ्यात बारीक पंजा शोधत होतात. मी गऊबाईंना म्हटलं, तुमचाही द्या.

त्यांनी डावा हात पुढे केला.

"उजवा द्या. सगळ्यांचा उजवाच घेतलाय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पदराखालचा उजवा हात काढून कागदावर ठेवला. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. इतके दिवस त्यांच्याबरोबर बसले होते, पण त्या हात कायम पदराखाली किंवा कापसात ठेवायच्या. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी विचारलं, "कुठे झालं हे?"

"हितंच," त्या म्हणाल्या आणि हनुवटीनं यंत्राकडे दाखवलं. "नवावर."

तुमची कागदावरची पट्टी थांबली. तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसला होतात. तसेच बसून बोललात.

"मशीनच्या म्होरं लोखंडी जाळी असायची. बाया जाळीच्या फटीतनं कापूस सारायच्या. हात आत जात न्हाई तिच्यामुळं. पर कापूस जरा हळू जातो. सीझन हुता, गाड्यांची रांग पार नाक्यापतुर गेल्ती. शेठ म्हनलं, जाळ्या काढ, काम उरकत न्हाई. मी म्हनलं बरं. एका जाळीला दोन बोल्ट. पाच मिंटांचं काम. चोवीस जाळ्या काढल्या. तिसऱ्या दिशी हिचा हात गेला."

"पण सांगितलं शेठनी होतं," मी म्हणाले.

"सांगितलं त्येनी. पाना माज्या हातात हुता."

 गऊबाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि कागदावरच्या आपल्या हाताभोवती स्वतःच रेघ ओढली, जिथे बोटं नव्हती तिथेही तशीच वाकवून.

नऊ नंबरच का, ते मला तेव्हा कळलं.

मिस्त्री, दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर थांबला असता. मनातलं बोलून झालं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी नवी पेटी करायला घेतलीत. नऊ नंबरच्या उरलेल्या अर्ध्या रोलरची. तिच्यापुढे खरी, जुनी जाळी, पण आता बिजागरीवर बसवलेली, उचलता येईल अशी. बघणाऱ्यानं बोटाएवढी एरंडाची हिरवी काडी एका लांब दांड्याच्या चिमट्यात धरून पुढे करायची. जाळी असली की काडी जाळीला अडते. जाळी उचलली की रोलर काडी ओढून घेतो आणि त्याला टेकलेलं पातं तिचा चेंदा करतं. बस, एवढंच. मी पहिल्यांदा ते फिरवलं आणि हँडल सोडून बाहेर जाऊन उभी राहिले.

मी खूप विरोध केला. मुलं भितील म्हटलं. गऊबाईंच्या दुःखाचा तमाशा होईल म्हटलं. तुम्ही म्हणालात, गऊबाईंनाच विचारा. विचारलं.

"दावा की," त्या म्हणाल्या. "लपवून काय माजी बोटं उगवनार हायेत? पर माजं नाव घालू नका. लोकं येऊन हात बगाया मागतील."

मग पाटीचा प्रश्न आला. पाट्यांवरून तुम्ही मला किती छळलंत. मी आधी प्रत्येक वस्तूपाशी पानभर लिहिलं होतं. तुम्ही स्टूल टाकून कोपऱ्यात बसायचात, आलेल्या माणसाची नजर कुठे जाते ते बघायचात आणि संध्याकाळी मला सांगायचात: ही पाटी कुणी वाचली न्हाई, काढा. ह्या पाटीम्होरं मानसं हुभी ऱ्हात्यात पर हँडलला हात लावत न्हाईत, काढा. शेवटी माझ्याकडे प्रत्येक वस्तूला दोन-तीन ओळी उरल्या. "आधी हातानं करू द्या, मग त्यो इचारतोच. त्येनं इचारलं की सांगा." तेव्हापासून मी वर्गात धडा शिकवायची रीतही बदलली, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या पेटीच्या पाटीवर मात्र तुम्हाला एक जास्तीची ओळ हवी होती. 'ही जाळी याकोब मिस्त्रीनं काढली होती.'

मी लिहिणार नाही म्हटलं. तुम्हाला स्वतःला लिहिता येत होतं, मिशनच्या शाळेत शिकला होतात, बायबल वाचायचात. पण पाटी माझ्याच हातची हवी, असा तुमचा हट्ट. "तुमचं अक्षर लोक खरं मानत्यात." मी म्हटलं, ज्यानं सांगितलं त्याचं नाव नाही आणि ज्यानं ऐकलं त्याचं नाव लिहायचं, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणालात, न्यायाचं शेठचं शेठ बघतील, मी माझं बघतो. ते भांडण आपण मग दर महिन्याला काढत राहिलो. पाटीवर मी एवढंच लिहिलं: जाळी लावून फिरवा. जाळी उचलून फिरवा.

बाजाराच्या दिवशी आपण काटाघर उघडलं. बाजार कसला, दुष्काळातला तो. चार भाज्या आणि विकायला आणलेली जनावरं. तरी माणसं आली. खडीच्या कामावरची तर सुट्टी घेऊन आली. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ हँडल फिरवत होते. सरकी टपटप खाली पडत होती आणि रुईचा पापुद्रा पलीकडून निघत होता. ते म्हणाले, "वीस वर्सं ह्याच फाटकात कापूस वतून गेलो. आत काय करत्यात त्ये आज कळलं." तुम्ही कोपऱ्यात स्टुलावर होतात. तुम्ही नाक ओढलंत आणि उगाच तेलाची बुधली शोधायला लागलात.

दुपारी शेठ आले. मी घाबरले होते. खोली त्यांची, यंत्र त्यांनी दिलेलं. ते सगळं बघत बघत त्या पेटीपाशी गेले. गर्दी जरा मागे सरली. बऱ्याच जणांना माहीत होतं. शेठनी पाटी वाचली. चिमट्यात काडी धरली. जाळी लावून फिरवलं, काडी अडली. मग त्यांनी जाळी उचलली आणि पुन्हा फिरवलं. काडी आत गेली, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. गऊबाई समोरच बसल्या होत्या, सरकीला रुई गुंडाळत. त्यांनी मान वर केली नाही.

शेठनी जाळी खाली केली. तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग तुम्हाला विचारलं, "परत बसवायला किती वेळ लागायचा रे?"

"पाच मिंटं," तुम्ही म्हणालात.

शेठ निघून गेले.  त्यानंतरच्या आठवड्यात ट्रक आले आणि तेवीस यंत्रं गेली. आपण दोघं फाटकात उभं राहून बघत होतो. काटाघर रिकामं करायचा निरोप मात्र आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता कधी आलाच नाही. शेठच्या मनात काय होतं, मला कळलं नाही. तुम्हाला कळलं होतं असं वाटायचं, पण तुम्ही बोलला नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. गऊबाईंना वावरातला खरा कापूस मिळाला तरी लोक गुंडाळायला बसायचेच. तुम्ही रोज काहीतरी बदलायचात. हँडल लोक उलटं फिरवतात असं दिसलं की पाटी न लावता ते एका बाजूनंच फिरेल असं करायचात. बुटकी मुलं दिसली की पायाखाली फळी ठोकायचात. काम पुरं झालं असं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आणि तुम्ही खोकत होतात. ते मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते, मिस्त्री. फुप्फुसाचा धडा दरवर्षी शिकवणारी मी, तुमच्या खोकल्याविषयी एकदाही नीट विचारलं नाही. तंबाखू सोडा म्हणाले असेन दोनदा. याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात घरी भेटायला आले तेव्हा तुम्ही बाजेवर उशांना टेकून बसला होतात. छताच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं आणि त्यातून उन्हाची एक काठी तुमच्या अंथरुणावर आली होती. त्यात धूळ तरंगत होती. मार्थाबाईंनी घोंगडी झटकली तेव्हा ती काठी एकदम भरून आली. तुम्ही माझ्याकडे वळलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत तो काम सुचल्याचा उजेड दिसला.

"बाई, काटाघराच्या भिंतीला असंच भोक पाडा. बाकी खोली अंधारी करा. गऊबाईला रुई झटकाया लावा. लोकांनी उभं ऱ्हावं आनि बगावं आमी काय ओढलं आत त्ये."

मी डोळे पुसले आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून विचारलं, "आणि हँडल कुठे बसवायचं?"

"ह्याला हँडल लागत न्हाई. मानूस आत आला की लागला ओढायला."

तुम्ही हसलात आणि त्या हसण्यानं तुम्हाला खोकला आला. मार्थाबाईंनी मला खुणेनं बाहेर जायला सांगितलं. मी तुमचं ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. ते भोक मी पाडणार आहे. पश्चिमेच्या भिंतीला की दक्षिणेच्या, एवढं तरी विचारून घ्यायला हवं होतं. बाजाराची माणसं दुपारनंतर येतात, तेव्हा पश्चिमेचीच बरी, असं मी धरून चालते.

काल मी काटाघर उघडलं. गऊबाई आधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या. मी रंगाचा डबा आणि कुंचला आणला होता. तुमचा हट्ट पुरवायचा, असं रात्रभर विचार करून ठरवलं होतं, पण गऊबाईंना विचारल्याशिवाय नाही. मी त्यांना सांगितलं, मिस्त्रींना पाटीवर आपलं नाव हवं होतं. जाळी त्यांनी काढली असं.

त्या आत येऊन त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या.

"घाला," म्हणाल्या. "जिंदगीभर त्येच्या मनाला ती जाळी लागून ऱ्हायली. त्या दिशी मला टांग्यातनं दवाखान्यात त्येनंच नेलं, हात सोताच्या धोतरात गुंडाळून. लेकरं न्हाईत त्या दोगांना. माज्या पोरीचं लगीन मार्थाबाईनं उभं केलं. घाला नाव. पर एकटं घालू नका त्येला."

"मग अजून कुणाचं?"

"माजं घाला. जाळी काढली याकोबनं. बोटं गेली गऊची. त्यो तितं एकटा हुभा ऱ्हायला तर लोकं त्येलाच बोल लावतील. मी बाजूला असली की इचारतील मला, मी सांगंन सगळं."

मिस्त्री, लोक हात बघायला मागतील म्हणून जिनं नाव नको म्हटलं होतं, त्या गऊबाई. मी विचारलं, "आणि शेठचं?"

"त्येचं त्येनं सोताच्या हातानं घालावं. जागा ठिवा."

मी तीन ओळींची जागा आखली. पहिल्यात तुमचं नाव लिहिलं, दुसऱ्यात त्यांचं. तिसरी मोकळी सोडली. गऊबाईंना वाचता येत नाही. माझं कुठलं, त्यांनी विचारलं, मी दाखवलं. मग तुमचं कुठलं, ते विचारलं. ते बघून झाल्यावर त्यांनी उजवा हात पदराबाहेर काढला, सरकीची टोपली पुढे ओढली आणि बाजाराची माणसं यायला लागली म्हणून कामाला बसल्या. तो हात मग त्यांनी दिवसभर पदराखाली घेतला नाही.